नोवेनाची नववी संध्याकाळ

१

महिपत दलाल मेला हे कळल्यावर पाली गावात कोणी रडलं नाही. निम्म्या गावाने छातीवर कुरसाची खूण केली आणि उरलेल्यांनी आधी दारं लावून घेतली. घाबरणारच ना. आदल्या संध्याकाळपर्यंत सगळं गाव किनाऱ्यावरच्या कुरसापाशी जमून देवाकडे एकच मागणं मागत होतं, की या माणसापासून आम्हाला न्याय दे. नोवेना म्हणतात त्याला, नऊ दिवसांची प्रार्थना. नववी संध्याकाळ पार पडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी महिपत सापडला. गॅब्रियलच्या होडीत, मासळी ठेवायच्या खणात, पालथा पडलेला. खणाच्या फळ्या वरून बंद होत्या.

देव इतक्या तत्परतेने काम करत असता तर माझा धंदा केव्हाच बसला असता. मी पंचशीला, वकील. आईवडील मराठवाड्यातून आले, मी भाईंदरला वाढले. आमच्या घरात देवाकडे गाऱ्हाणं नेण्याची पद्धत नाही, म्हणून मी ते कोर्टात नेते. तिथे न्याय नाही मिळाला तरी तारीख मिळते.

पालीकरांचा खटला माझ्याकडेच होता. किनाऱ्याला लागून त्यांचं बोंबील वाळवायचं मैदान आहे. बांबूंच्या रांगा, त्यावर जबड्यात जबडा अडकवून टांगलेले बोंबील, आणि असा वास की नवखा माणूस नाक धरून परत जाईल. महिपतने हे मैदान एका कंपनीच्या घशात घालायचा घाट घातला होता. मोजणीला आलेला माणूस त्याच्याच गाडीतून उतरला, तेव्हाच मी समजले काय होणार ते. हद्द मैदानाच्या बरोबर पोटातून गेली. गावाकडे पुरावा म्हणून एक जुना हद्दीचा दगड होता, त्यावर कुरूस कोरलेला. एके दिवशी तो दगडही नाहीसा झाला. महिपतनेच पळवला असं सगळे धरून चालले.

तेव्हा सेलेस्टिनबाय माझ्या ऑफिसात येऊन म्हणाली होती, "वकीलबाय, साहेब इकला जातो, मोजनीवाला इकला जातो. देव न्हाय इकला जात. आमी नोवेना धरतो." मी म्हटलं, धरा, फी लागत नाही. ती हसली नाही.

आता तो दगड सापडला होता. महिपतच्या प्रेताशेजारी, त्याच खणात. फौजदार गुणवंत यांनी दुपारच्या आत गॅब्रियलला उचललं. होडी त्याची, दगड त्याच्या होडीत, आणि चार लोकांसमोर त्याने महिपतला "तुला बोंबलासारखा टांगीन" असं सुनावलेलं. मी चौकीत पोचले तेव्हा तो बाकावर मान खाली घालून बसला होता.

मला बघताच म्हणाला, "वकीलबाई, धावपळ नका करू. मीच मारलाय त्याला."

२

"कसा?" मी विचारलं.

"प्रार्थनेत. बाकीचे न्याय मागत होते. मी रोज मरण मागत होतो त्याचं."

मी कपाळावर हात मारला. वर्षानुवर्षं माझे अशील दुसऱ्याचा गळा कापूनही मला "मी नाही त्यातला" सांगत आलेत, आणि हा गडी देवाला अर्ज केला म्हणून फासावर चढायला निघाला होता. त्याला चहा पाजला आणि सरळ प्रश्न विचारले.

दगड त्यानेच लपवला होता, महिपतच्या माणसांनी फोडू नये म्हणून. होडीचं इंजिन समुद्रात बंद पडलं होतं, ती ओढून आणेपर्यंत मासळी सडली. वरवरची फेकून दिली, तळाची घाण आणि बर्फाचं पाणी तसंच राहिलं. होडी वाळूवर ओढून ठेवली, दगड खणात टाकला, वर फळ्या लावल्या, त्यावर ताडपत्री आवळली. त्यानंतर कित्येक दिवस खण उघडलाच नव्हता. नवव्या संध्याकाळी तो वरसाव्याला इंजिनवाल्याकडे गेला, दुकान बंद होतं, पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकला, उशिरा आला आणि झोपला. साक्षीदार एकही नाही.

"तू दगड टाकलास आणि खण बंद केलास. मग महिपतला काय झालं असेल?"

तो माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागला की जणू मी पाणी ओलं असतं का असं विचारलंय. "बाई, बंद खण उघडला का लगेच उतरायचं न्हाय. वारा खाऊ द्यायचा त्याला. कुजक्या मासळीचा धूर बसतो तलाला, दिसत न्हाय. उतरला माणूस का पडलाच. आमच्यातलं बारकं पोर पन सांगेल तुमाला."

मी तडक किनाऱ्यावर गेले. खणाचं झाकण म्हणजे तीन सुट्या फळ्या होत्या, बाजूला ठेवायला मलाही जमल्या. आत अडकलेल्या धडधाकट माणसाने डोक्याने ढकलल्या असत्या तरी उडाल्या असत्या. म्हणजे फळ्या लावून कोणी त्याला कोंडून मारलं नव्हतं. तो आधी पडला, फळ्या नंतर लागल्या. ताडपत्री बाजूला वाळूत पडली होती. आणि मधल्या फळीवर मेण सांडून थिजलेलं होतं. बरंच मेण. मी तिथल्या शिपायाला विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, ह्यांच्या होड्यांवर पूजापाठ चालूच असतो."

मी फुशारकीने गुणवंत साहेबांसमोर धुराची गोष्ट मांडली. डॉक्टरांनाही फोन लावायला लावला. अंगावर मार नाही, गुदमरून मरण, वायूने असू शकतं, असं डॉक्टर म्हणाले. मी खुर्चीत रेलून बसले.

गुणवंत हुशार माणूस होता, हेच तर दुखणं. तो शांतपणे म्हणाला, "म्हणजे खणात उतरलं की माणूस मरतो हे गॅब्रियलला माहीत होतं. आणि महिपतला जे हवं होतं तेच त्याने नेमकं तिथे ठेवलं. मॅडम, आतापर्यंत माझ्याकडे रागाच्या भरात झालेला खून होता. तुम्ही मला रचलेला सापळा आणून दिलात."

३

स्वतःच्या अशिलाचा फास स्वतःच्या हाताने आवळायचा मान प्रत्येक वकिलाला मिळत नाही. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. गॅब्रियल सुटायचा एकच मार्ग होता. महिपत कोणी न बोलावता आपणहून गेला, हे पाहणारा माणूस हवा होता. पण त्या वेळी किनाऱ्यावर कोणी होतं का?

महिपतचा ड्रायव्हर लोकेश भाईंदरला स्टँडवर भेटला. विशीतला पोरगा, डोळे सुजलेले.

"मॅडम, मी तर वर रोडला गाडीत होतो. साहेब एकटेच खाली गेले, बॅटरी घेऊन. मला बोलले, अभी सगळे प्रार्थनेला बसलेत, सगळ्यांची पाठ समुद्राकडे, कोणाला काही दिसणार नाही. मी मोबाईलवर व्हिडिओ बघत बसलो. लय वेळ झाला. फोन लावला, उचलला नाही. मला वाटलं दुसऱ्या कुणाच्या गाडीतून गेले असतील, तसं करायचे ते. मी निघून आलो." तो थांबला. "मी खाली जाऊन बघायला पायजे होतं ना? माझ्यामुळे गेले ते. त्यांची आई आहे तिकडे मोरव्याला, मला तोंड दाखवायची लाज वाटते."

ही दुसरी कबुली.

"दगड होडीत आहे हे साहेबांना कोणी सांगितलं?"

लोकेशने इकडे तिकडे पाहिलं आणि नाव सांगितलं. जॉय.

जॉय हा गावचाच. कुरसाची झाडलोट, माळा घालणं, प्रार्थनेनंतर सगळ्यांना उकडलेले चणे वाटणं ही कामं त्याच्याकडे. मी गेले तेव्हा कुरसापुढच्या पायऱ्यांवरचं मेण तो सुरीने खरवडत होता. मी महिपतचं नाव काढलं मात्र, सुरी खाली पडली.

"त्यानं मना नोकरीचा शब्द दिलेला," तो म्हणाला. "पालिकेत चिकटवतो बोलला. गॅब्रियलला दगड होडीत टाकताना मी बघितलेला, तो कुठं हाय ते सांगितलं. मना वाटलं माणसं पाठवील, दिवसाढवल्या, गाव अडवील त्यांना. तो सवताच जाईल असं कुठं वाटलं? मी इथं पुढं बसून न्याय मागत होतो देवाकडं, आनि मीच गाव इकलेला. मीच मारला ना त्याला, वकीलबाई?"

तिसरी कबुली. आरोपी एक आणि कबुल्या तीन, असा खटला मी पहिल्यांदाच बघत होते. आणि तिघांपैकी एकाच्याही कबुलीचा कोर्टात काडीचा उपयोग नव्हता. जॉयने गुणवंतला हे सांगितलं असतं तर गुणवंत म्हणाला असता की गॅब्रियलनेच त्याच्याकरवी महिपतला निरोप पोचवला.

"त्या संध्याकाळी प्रार्थनेच्या वेळी काही वेगळं घडलं का? कोणी उठून गेलं? उशिरा आलं?"

"कोनी न्हाय. सगले गुडघ्यावर होते. फक्त सेलेस्टिन आय चुकली."

"म्हणजे?"

"ती जपमाळ सांगते नि आमी मागं म्हनतो. त्या दिशी मधीच थांबली, नि जे रहस्य झालं, म्हंजे माळेतला जो भाग म्हनून झाला, तेच परत पयल्यापासून सांगितलं. आमी पन म्हटलं परत. आय कधी चुकत न्हाय. माझी आजी बोलायची, सेलेस्टिन झोपंत सांगितली तरी चुकनार न्हाय." त्याने मेणाचा गोळा पिशवीत टाकला. "नि तिची मेणबत्ती गेली. कँडलमासच्या सणाची, जाडी, आशीर्वादाची. मरणाच्या वेळंला लावायची म्हनून घरात ठेवतात ना, ती तिनं नवव्या दिशी मुद्दाम आनलेली. चणे वाटून आलो तर कुरसापाशी न्हवती. कुरसावरनं मेणबत्ती चोरनारे पन झाले गावात, बघा."

मी त्याच्या हातातल्या पिशवीकडे बघत राहिले. मला फळीवरचं मेण आठवलं. मेणबत्ती चोरीला गेलेली नव्हती. प्रेत सापडायच्या आधीच, आत माणूस मेलेला आहे हे ठाऊक असलेल्या कोणीतरी ती त्याच्यासाठी लावली होती.

४

मला ते खरं वाटायला नको होतं. सेलेस्टिनबाय गॅब्रियलची मावशी. त्याची आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचा मोठा केला. तिला काही माहीत असतं तर पोटच्या पोरासारखा भाचा कोठडीत बसू दिला असता का?

रविवारी मी चर्चमध्ये मिस्सेला जाऊन मागच्या बाकावर बसले. आमच्या घरातल्यांनी पाहिलं असतं तर हसले असते. सेलेस्टिनबाय पुढच्या रांगेत होती. कम्युनियनची, म्हणजे फादरच्या हातून पवित्र भाकर घ्यायची वेळ आली, सगळे उठून रांगेने पुढे गेले, ती बसूनच राहिली. गुडघे दुखतात तिचे, हे मला माहीत होतं. म्हाताऱ्या माणसांना फादर जागेवर आणून देतात. फादर तिच्यापाशी आले, थांबले. तिने मान हलवली, नको. फादर क्षणभर तसेच उभे राहिले आणि पुढे गेले.

शेजारच्या बाईने कोपराने मला ढोसलं. "बघितलंत? सेलेस्टिनबायनं घेतला न्हाय."

"बरं नसेल."

"बरं नसलं तरी घेतात, बाई. उलट तेव्हाच घेतात. मनावर मोठं पाप असलं तरच घेत न्हाय कोनी. पन सेलेस्टिनबायला कसलं आलंय पाप?"

मी बाहेर पडले आणि पुन्हा कुरसापाशी गेले. कुरसाचं तोंड समुद्राकडे. त्याच्यापुढे गुडघे टेकणाऱ्या सगळ्यांचं तोंड कुरसाकडे आणि त्यामागच्या टेकडीकडे, पाठ समुद्राला. महिपतने हिशेब बरोबर केला होता. फक्त पायऱ्यांच्या कडेला, कुरसाला टेकून, एक प्लास्टिकची खुर्ची होती. जिला गुडघे टेकता येत नाहीत आणि जी सगळ्यांना प्रार्थना सांगते, तिची खुर्ची. ती लोकांकडे तोंड करून बसायची. मी त्या खुर्चीत बसले. समोर रिकामी जागा, तिच्यापलीकडे वाळू, आणि वाळूवर गॅब्रियलची होडी. मधे एक झाड नाही, भिंत नाही. थंडीच्या दिवसांतही त्या वेळी उजेड पुरता गेलेला नसतो.

खटला सुटला याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

५

सेलेस्टिनबाय मैदानात बोंबील उलटत होती. मला येताना पाहून तिने हात पदराला पुसले, पण काम सोडलं नाही.

"गॅब्रियलचं काय?" तिने विचारलं.

"ते तुझ्या हातात आहे," मी म्हटलं.

मग मी बोलत गेले, कोर्टात बोलते तसं, कारण दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने मला ते बोलता आलं नसतं. फळ्या मारण्यासाठी लावल्या नव्हत्या, मेल्यावर लावल्या. मेणबत्ती लावणाऱ्याला तो मेलाय हे माहीत होतं, आणि त्याच्या आत्म्याची काळजीही होती. ती मेणबत्ती कुरसावरून गेली, चणे वाटणं चालू असताना. सगळ्यांची पाठ समुद्राकडे होती, एकीची सोडून. आणि जी झोपेतही चुकत नाही ती त्या संध्याकाळी जपमाळेत चुकली. तिने त्यानंतर कम्युनियन घेतलेलं नाही.

"तू त्याला होडीवर चढताना पाहिलंस, मावशी."

तिने हातातला बोंबील बांबूवर नीट अडकवला.

"बघितला," ती म्हणाली. "ताडपत्री काढताना बघितला. फल्या काढताना बघितला. मना ठाव होतं खण किती दिवस बंद हाय तो. एक हाक मारायची होती मना. 'थांब रे, उतरू नको.' एवढंच. सगलं गाव धावलं असतं, त्याला चोर म्हनून धरला असता, तो जिता राह्यला असता, नि आपन केस पन जिकलो असतो ना?"

"बहुतेक जिंकलो असतो," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

"मंग का न्हाय मारली मी हाक?" हे तिने मला विचारलं, जणू मी तिची वकील म्हणून उत्तर देईन. "मना वाटलं, देवच आनतोय त्याला. नऊ दिवस बोलावला मी देवाला, नि आज तो करतोय त्याचं काम. मी मधी कशाला पडू? तोंडानं म्हनत होते, आमी पापी, आमच्या मरणाच्या वेळंला आमच्यासाठी विनंती कर. नि डोल्यानं त्याला मरताना बघत होते. तेच रहस्य परत म्हटलं, तेवढ्या येलात तो वर येईल असं पन वाटलं. न्हाय आला. आवाज न्हाय, काय न्हाय. चणे वाटाया लागले तशी मी गेले. पोरं खेलत होती होड्यांवर, कोनी पडंल म्हनून फल्या लावल्या. मेणबत्ती ठेवली. आनखी काय करनार होते?"

वारा सुटला होता. बांबूंवरचे बोंबील हलत होते आणि त्यांचा वास अंगावर येत होता. मला तिचा राग यायला हवा होता, पण आला तो माझाच. ती न्याय मागायला आधी माझ्याकडे आली होती. मी तिला तारखा दिल्या आणि वर थट्टा केली.

"आणि गॅब्रियल?" मी विचारलं. "त्याला का सडू दिलंस?"

"म्हटलं, निरपराध हाय, देव सोडवील. देवावर भरवसा ठेवायचा." तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "भरवसा कसला, पोरी. तोंड मिटून बसायला बरं पडलं मना ते. पापनिवेदनाला पन गेले न्हाय. फादर बोलला असता, आधी जाऊन सांग. मी देवाकडं न्याय मागितला, नि देवानं मनाच न्यायाधीश केलं. एका माणसाचा जीव माझ्या जिभेवर ठेवला, बघू काय करतेस म्हनून. मी त्या मोजनीवाल्यापेक्षा बरी न्हाय निघाले."

तिने टोपली खाली ठेवली. "चल. कुठं जायाचं ते ने."

६

गुणवंत साहेबांनी तिचा जबाब घेतला. त्यांनी तिला उलटसुलट विचारून पाहिलं, लोकेशला बोलावलं, जॉयला बोलावलं. सगळं जुळत गेलं. महिपत आपल्या पायांनी गेला होता, गॅब्रियल तिथे नव्हता, आणि दगडाची बातमी नोकरीपायी विकणारा जॉय होता, गॅब्रियल नाही, याला लोकेशही साक्षीदार होता. सापळा उरला नाही.

मग सेलेस्टिनबायने आपले दोन्ही हात पुढे केले. बेड्या घाला म्हणून. गुणवंत गडबडला. त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी सगळी पुस्तकं चाळून आले होते. परका माणूस जिवावरच्या धोक्यात जाताना पाहून गप्प बसली, एवढ्यासाठी या बाईला खुनी ठरवणारं कलम मला सापडलं नव्हतं. फळ्या लावल्या, कोणाला कळवलं नाही, याचं काहीबाही निघालं असतं, पण तेही दंडापलीकडे जाणारं नव्हतं, आणि या वयाच्या बाईमागे त्यासाठी कोणी लागणार नव्हतं. मी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं तिला हायसं वाटेल.

"आजी, घरी जा," गुणवंत म्हणाला, आणि खरंच मायेने म्हणाला. "जे झालं ते झालं. तसा तो माणूस काही बरा नव्हता."

सेलेस्टिनबायने हात खाली घेतले. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आजवर हरलेल्या अशिलांच्या चेहऱ्यावर पाहिलेलं आहे. कोर्टाच्या पायऱ्यांवर उभं राहून आता कुठे जायचं हे न कळणाऱ्यांच्या.

"म्हंजे माझा पन न्याय व्हनार न्हाय," ती म्हणाली. मग, "महिपतला आय हाय ना?"

गॅब्रियल सुटून आला. मावशीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तो त्याने झिडकारला नाही आणि धरलाही नाही. मी रिक्षा बोलावली. वाटेत तिला दोनदा सांगून पाहिलं की हे कायद्याने लागत नाही, आणि त्या घरात तिला काय ऐकावं लागेल याची मी खात्री देऊ शकत नाही. ती बाहेर बघत बसली.

मोरव्याला महिपतचं घर शोधायला वेळ लागला नाही. दलाली करून त्याने मजले चढवले होते, पण आई खालच्या जुन्या खोलीतच राहायची. केसरबाई तिचं नाव. तिने आम्हाला आत घेतलं, पाणी दिलं. दुखवट्याला आलोय असंच तिला वाटलं. कोनाड्यात देवीपुढे दिवा जळत होता.

"माझा पोरगा साधू न्हवता," ती आपणहून म्हणाली. "लोकांचे तलतलाट घेतले त्यानं, मना ठाव हाय. पन माझा होता. पोलीस आज याला धरतात, उद्या सोडतात. पैसा फिरला का सगलं फिरतं. माझा त्यांच्यावर भरवसा न्हाय. मी देवीला रोज सांगते, आये, माझ्या पोराला शेवटचा ज्यानं बघितला त्याला माझ्या दारात उभा कर."

सेलेस्टिनबायने पाण्याचा पेला न पिता खाली ठेवला.

"मी बघितला," ती म्हणाली. "मी पालीची सेलेस्टिन. मना ठाव होतं तो मरंल, नि मी त्याला हाक मारली न्हाय."

मला वाटलं केसरबाई किंचाळेल, अंगावर धावेल, शेजारीपाजारी गोळा होतील. मी दाराकडे तोंड करून उभी राहिले. पण तिने एवढंच विचारलं, "वरडला का गो तो?"

जबाबात मी स्वतः वाचलं होतं, आवाज नाही, काही नाही. मी सेलेस्टिनबायकडे पाहिलं. ती हो म्हणणार नाही, आईला कोण असं सांगेल, असं मला वाटलं.

"वरडला," ती म्हणाली. "वकीलबायला मी खोटं सांगितलं. एकदा वरडला. दुसऱ्या कोनी ऐकला न्हाय, कारन मी प्रार्थनेचा आवाज चढवला. माझ्या मागं सगल्यांनी चढवला."

"काय वरडला?"

"'कोन हाय का?' म्हनला."

केसरबाई भिंतीला टेकून खाली बसली. तिने दोन्ही हात जमिनीवर टेकले आणि वर पाहिलं.

"नि तू होतीस," ती म्हणाली.

"व्हय," सेलेस्टिनबाय म्हणाली. "मी होते."